संदेश क्रमांक ४१

सकाळी अकरा वाजता चौकशी अधिकाऱ्यांनी ठाण्याची बिनतारी संदेशांची वही उघडली. ऑगस्ट १९७८. नामांतराच्या दंगलीत बायनाबाईंची वस्ती जळाली, त्या दिवसाचं पान. मदतीचा संदेश, क्रमांक ४१, वेळ संध्याकाळी सहा चाळीस. पोलिसांची गाडीही सहा चाळीसलाच निघालेली.

"म्हणजे लगेच निघाले," अधिकारी म्हणाले.

"लगीच?" बायनाबाई म्हणाल्या. "चौकीवर निरोप दिला तवा शाळा बी सुटली नव्हती, साहेब. राख थंड झाली मंग गाडी आली."

वही लिहिणाऱ्या भुजंगरावांना बोलावलं.

"संदेश मिळाल्याची वेळ कुठाय?"

"तो रकाना ठाणेदारसाहेबांनी ऑगस्टच्या एक तारखेला काढला. आता फकस्त कारवाईची वेळ लिव्हतो."

"मग आला कधी, हे कळायचं कसं?"

भुजंगरावांनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं. क्रमांक ४२, घड्याळ जुळवायचा रोजचा संदेश, दुपारी तीन.

"नंबर मात्र संदेश येतील तसेच टाकतो, साहेब. ते बदला म्हणून कुणी सांगितलं न्हाई."

वही सीलबंद होऊन जिल्ह्याला गेली. अहवाल अजून आलेला नाही. ठाण्याच्या नव्या वहीत क्रमांकाचा रकाना नाही.