लांब राहायचा दिवस

"झालं बाई एकदाचं स्कॅन," म्हणत सुतार दारातून आत आला आणि धावत आलेल्या नातीला त्याने उचलून थेट खांद्यावर घेतलं. "रिपोर्ट परवा मिळेल. पण तिथला माणूस म्हणाला, काळजीचं काही दिसत नाही."

शिलाई मशीनवर बसलेल्या बायकोचे पाय थांबले. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग खिदळणाऱ्या पिटुकलीकडे. मुलगी कामावर गेली की नात दिवसभर इथेच असायची, आणि आजोबा घरात असले की तिचे पाय काही जमिनीला लागायचे नाहीत.

सुताराचा कॅन्सर बरा होऊन तीन वर्षं झाली होती. दुखणं गेलं, पण जाताना घर धुऊन घेऊन गेलं. त्याला पूर्वीसारखा दम राहिला नव्हता. कपाटं, पलंग बंद झाले, आता फार तर एखादं स्टूल. घर चालत होतं ते बायकोच्या शिवणावर, म्हणजे खरं तर तिच्या दुखऱ्या गुडघ्यांवर. त्यातूनच या वर्षाच्या स्कॅनचे पैसे तिने पै पै करून साठवले होते.

"अहो, तिला खाली ठेवा."

"का गं? खेळतेय ना."

"गेल्या वर्षी स्कॅन करून आलात तेव्हा आतल्या खोलीत कडी लावून बसला होतात. सुईतून ते किरणं सोडणारं औषध दिलं की दुसऱ्या सकाळपर्यंत लहान मुलांना जवळ घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ही दाराशी रडून रडून झोपली, तरी तुम्ही कडी काढली नाहीत."

सुताराने नातीला हळूच खाली ठेवलं. खोटं बोलण्यात तो पहिल्यापासूनच कच्चा होता.

"पैसे कुठायत?"

"दुकानात भरले," तो पुटपुटला. "तुझ्यासाठी विजेवरची मशीन घेतलीय. उद्या येईल. तुझे गुडघे बघवत नाहीत मला. आणि मी आहे की ठणठणीत!"

तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. रागाच्या जोडीला मायाही होती, पण ती तिने त्याला दिसू दिली नाही.

"माझे गुडघे दुखतात ते मला कळतं तरी," ती म्हणाली. "तुमच्या आत काय चाललंय, ते कळायला ते स्कॅनच लागतं."

तिने पिशवी उचलली आणि दुकान गाठलं. दुकानदाराने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

"माल तर अजून तुमच्याच दुकानात आहे," ती म्हणाली आणि तिथल्या एकुलत्या एका स्टुलावर ठाण मांडून बसली. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती आपण इथे का बसलोय ते अगदी पहिल्या तपासणीपासून सांगू लागली. अखेर दुकानदाराने हात जोडले आणि पैसे परत केले.

सोमवारी सकाळी तिने ते पैसे पुन्हा सुताराच्या खिशात ठेवले.

"बरोबर येत नाहीस?" त्याने विचारलं. "माझ्यावर विश्वास आहे का अजून?"

"जरासुद्धा नाही. पण मला कळेलच. या जाऊन."

दिवसभर ती मशीन मारत राहिली. गुडघे कुरकुरले, तिने लक्ष दिलं नाही. कान मात्र दाराकडेच होते.

संध्याकाळी दार वाजलं. पिटुकली हात वर करून धावली. सुतार दोन पावलं मागे सरला, भिंतीला घासून तिला वळसा घालत आत गेला आणि त्याने खोलीची कडी लावली. नातीने दारावर धपाधप बुक्क्या मारल्या आणि तिथेच बसकण मारून भोकाड पसरलं.

आजीने मशीन थांबवली आणि नातीला उचलून घ्यायच्या आधी ते रडणं घटकाभर मन भरून ऐकलं.