शेवटचा टाका

लेक तरन्नुम शाळेच्या सहलीतून औंधचं संग्रहालय बघायला गेली, त्या दिवशी मौलानं वारलेल्या बायकोची अर्धी राहिलेली वाकळ शेजारच्या मेहरुनबीकडून पुरी करून घेतली. पोरीला थंडीत आईची ऊब मिळावी, एवढंच त्याच्या मनात होतं. संध्याकाळी ती धावतच घरात शिरली. "अब्बा, तिथं एक चित्र अर्धंच हाय. चित्रकार मधीच गेला. बाई म्हणल्या, दुसऱ्या कुणी त्याला हात लावला न्हाई, म्हणून त्याचा हात कुठं थांबला ते आज बी दिसतंय. आपण अम्मीची वाकळ तशीच भिंतीवर लावू, सुईसकट!" तिनं पेटीवरची वाकळ उलगडली, तर ती काठापर्यंत शिवून पुरी झालेली. "अब्बा, अम्मीचा शेवटचा टाका कुठला?" मौलानं वाकळ उजेडात धरली. मेहरुनबीनं टाक्याला टाका असा जुळवला होता, की बायको कुठं थांबली ते त्यालाही सापडेना.