कानाला लावलेला फोन

“अपघाताच्या दिवशी ड्रायव्हरच्या या नंबरवर एकही फोन आला नाही, गेला नाही,” कोर्टात विमा कंपनीच्या वकिलाने कागद पुढे केला. “मग बाईंनी पाहिलं काय?”

कृष्णाबाईने कुबडी घट्ट धरली. पाहिलं ते तिने कितीदा तरी सांगून झालं होतं. जोह्याच्या फाट्यावर ती पेणच्या बसची वाट पाहत कडेला उभी होती. पिकअप अंगावर आली, तेव्हा चालवणारा गोरख एका हाताने फोन कानाला धरून हसत बोलत होता. तिचा डावा पाय त्यात गेला.

गोरख मान खाली घालून उभा होता. विचारल्यावर एवढंच म्हणाला, “मला कोनाचा फोन येत नाय, सायेब.”

बाहेर आल्यावर वकील शिल्पाताईंनी तिला समजावलं. गाडी चालवताना हातात फोन धरायला बंदी आहे; तेवढं सिद्ध झालं की दोष त्याच्या माथी. नाहीतर बाईच अचानक रस्त्यात आली, हे विमा कंपनीचं म्हणणं खरं ठरणार. त्याच्याकडे दुसरा फोन निघाला, तर मात्र गोष्ट वेगळी.

घरी मुलगा निकेश म्हणाला, “आये, दुखन्यात भास होतो मानसाला.” मायेनेच म्हणाला, म्हणून जास्त लागलं.

इतकी वर्षं ती कारखान्यात गणपतीचे डोळे आखत आली होती. आता तिथल्या बायकाही अपघाताचा विषय निघाला की रंगाच्या डब्यात बघत. निकेश आणि सून कामावर गेले की घर खायला उठायचं. ओटीवर बसून ती तोच क्षण पुन्हा पुन्हा आठवायची. हळूहळू तिचा तिलाच भरवसा वाटेना.

एका सकाळी ती कुणाला न सांगता निघाली. रिक्षाने जिते स्टेशन, तिथून गोरख राहायचा त्या रोह्याची गाडी. तो दुसरा फोन आपल्या डोळ्यांनी पाहायचा, बाकी मनात काही नव्हतं.

विचारत विचारत गोरखची खोली सापडली. शेजारीण नळावर भांडी घासत होती. गोरखचं गाडीवरचं काम सुटलं, घरात दुसरं माणूस नाही, पण फोनवरचं बोलणं काही सरत नाही, असं तिने सांगितलं.

“कोनाशी बोलतो?” कृष्णाबाईने विचारलं.

“असंल कोन जिवाभावाचं. आतापन चाललंय, बघा ना.”

दार अर्धवट उघडं होतं. गोरख खाटेवर पाठमोरा बसला होता, फोन कानाला. आज भाकरी करपली, वाल कच्चेच राहिले, असलं काहीबाही सांगत हसत होता. कृष्णाबाई कुबडी टेकत दारात आली. भास नव्हता तो.

“ह्योच ना दुसरा फोन?” ती दारातून म्हणाली.

तो दचकून वळला. त्याने तिला ओळखलं. नजर तिच्या पायाकडे गेली आणि तिथेच राहिली. मग फोनमध्ये तो हळूच म्हणाला, “थांब गो जरा, पाव्हनी आलीय,” आणि फोन त्याने खाटेवर पालथा ठेवला.

फोनला मागचं झाकण नव्हतं. बॅटरीची जागा रिकामी होती.