कोठीतला राउटर

"कोणाचं गं हे गोड बाळ?" आईने आजही विचारलं आणि शर्वरीचा धीर सुटला.

झोपेत आईचं सगळं पुसलं जायचं. रोज सकाळी तिच्या कानामागची चकती वाय-फायवरून आठवणी उतरवून घ्यायची, लहानपणापासून ओळीने. पण या घरात स्पीड इतका कमी, की रात्र झाली तरी आई दोन वर्षं मागेच. नातीपर्यंत, शर्वरीच्या इरापर्यंत, ती पोचायचीच नाही.

बाबा दूध आणायला गेले होते. वायर धरून शोधत गेल्यावर शर्वरीला राउटर सापडला तांदळाच्या पत्र्याच्या कोठीत! किमती वस्तू कोठीत ठेवायची या घरची जुनी खोड. चिडून तिने तो उचलला आणि फ्रिजवर ठेवला.

आईचा चेहरा भराभर उजळत गेला. शर्वरीच्या लग्नातली फजिती आठवून ती खळखळून हसली आणि हसता हसताच थांबली.

"आपला मिहीर गेला ना गं?"

इराच्या जन्माआधी शर्वरीच्या भावाचा अपघात झाला होता. आठवणी ओळीने येतात, हे रागाच्या भरात ती विसरली होती.

बाबा दुधाची पिशवी धरून दारातच थांबले होते.

"अहो, तुम्हीच ठेवला होतात ना राउटर कोठीत?" आईने विचारलं.

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

आईने "इरा" म्हणत बाळाचा पापा घेतला. मग उठून राउटर पुन्हा तांदळात ठेवला आणि झाकण घट्ट दाबलं.

"उद्या मला इथपर्यंत येऊ देऊ नका," ती म्हणाली.