दोघांत मिळून एक आई

"कोरायच्या आधी दोघांनीही मोठ्याने वाचायचं," डेनिस म्हणाला. "माझ्याकडे हीच रीत आहे. दगडावर खोडरबर चालत नाही."

यॉर्कशरमधल्या त्या पाथरवटाच्या शेडमध्ये टेबलावर कागद पसरला होता. त्यावर पेन्सिलीने आईचं नाव, जन्माचं आणि मृत्यूचं साल, आणि खाली क्लाइव्हने रचलेली ओळ. क्लाइव्ह जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला. त्याने चष्मा चढवला आणि वर्गात वाचावी तशी ती ओळ वाचली. "हर चिल्ड्रन लुक्ड आफ्टर अँड लव्ड हर." मुलांनी तिची काळजी घेतली आणि तिच्यावर प्रेम केलं.

"आता तू, बेव्ह."

बेव्हर्ली त्याची बहीण. धाकटी असूनही तीच थोरली दिसत होती. आईला उचलून उचलून तिची कंबर कामातून गेली होती.

"मला दोन वाक्यं हवीत," ती म्हणाली. "बेव्हर्लीने तिची काळजी घेतली. क्लाइव्हने तिच्यावर प्रेम केलं."

क्लाइव्ह हसला. "अगं, दोनदा 'हर' कशाला? किती बोजड दिसेल! 'लुक्ड'ने आपला 'आफ्टर' सांभाळून उभं राहायचं. मग 'लव्ड' येतो, त्याला असलं शेपूट लागतच नाही. आणि 'हर' शेवटी एकदाच, दोघांत मिळून. आपल्या भाषेची हीच तर गंमत आहे."

"हो, गंमत आहे खरी," बेव्हर्ली म्हणाली. "एकाने ओझं धरून ताटकळायचं आणि दुसऱ्याने हात हलवत यायचं. आई मात्र दोघांना सारखीच."

डेनिस कान कोरत भिंतीकडे बघू लागला. भावंडांची भांडणं त्याने या टेबलावर पुष्कळ पाहिली होती, पण व्याकरणावरून कुणी हमरीतुमरीवर आलं नव्हतं.

"मीसुद्धा यायचो, बेव्ह."

"नाताळात यायचास. साबणाच्या वड्या घेऊन. तू यायचास म्हणून ती ओठ रंगवून बसायची. एरवी मी भरवलेली लापशी माझ्याच अंगावर थुंकायची."

"म्हणजे तुझं प्रेम नव्हतं तिच्यावर?"

प्रश्न वर्मी लागला. बेव्हर्लीला राग आला, आणि रागापेक्षा जास्त लाज वाटली. कारण उत्तर तिलाच ठाऊक नव्हतं. चादरी धुवायच्या, कूस बदलायची, गोळ्या चुरायच्या. प्रेम आहे की नाही हे बघायला सवड कुणाला होती?

"नसेल," ती म्हणाली. "म्हणूनच म्हणते, त्या दुसऱ्या शब्दात मला घालू नकोस. आणि पहिल्यात तू घुसू नकोस."

"लोक काय म्हणतील, याचा तरी विचार कर. कबरीवर कुणी असं लिहितं का?"

कुणीच लिहीत नाही, हे खरंच होतं. तिने कागद ओढला आणि ती ओळ सपाट आवाजात वाचून टाकली. एकदाचं सुटलं म्हणून डेनिसने पेन्सिल उचलली.

"आता एकच विचारायचं राहिलं," तो म्हणाला. "कबर दोघांपुरती खणलेली आहे. तुमचे वडील काही तिथे येणार नाहीत, दुसऱ्या बायकोच्या गावी पुरलंय त्यांना. मग खाली आणखी एका नावापुरता दगड कोरा ठेवू का?"

"ठेवा ना," क्लाइव्ह लगेच म्हणाला. आता त्याचा आवाज मऊ झाला होता, मनापासून मऊ. "बेव्हसाठी ठेवा. लग्न नाही, संसार नाही, बिचारी कुठे जाणार? आईजवळच असू दे. तिला सवय आहे."

बेव्हर्लीने कोटाची बटणं लावली, हातमोजे चढवले.

"तूच जा तिथे, क्लाइव्ह," ती म्हणाली. "आता तिला उचलायचं नाही, भरवायचं नाही. नुसतं प्रेमच करायचंय."