तळ्यातला साप

“उजवीकडे बघा, तळं आज कसं निळंशार दिसतंय!” कॉर्नी म्हणाला आणि चाबकाच्या टोकाने त्याने ते दाखवलंही.

उजवीकडे धुकं होतं. डावीकडेही धुकंच होतं. पुढे टिली घोडीचे दोन कान तेवढे दिसत होते, तेही मधूनच विरघळत होते. टांग्यात बसलेलं अमेरिकेतल्या ओहायोचं म्हातारं जोडपं खळखळून हसलं. आयर्लंडमधल्या किलार्नीचे टांगेवाले थापा मारण्यात पटाईत, हे ती दोघं घरूनच ऐकून आली होती. असला अस्सल नमुना वाट्याला आला म्हणून ती खूश होती.

कॉर्नीच्या पाठीमागे त्याची मुलगी गॉबनेट बसली होती. ती हसली नाही.

तिच्या कोटाच्या खिशात एक कागद चार महिने घडी होऊन पडला होता. टांग्याचा परवाना बापाच्या नावावरून तिच्या नावावर करायचा अर्ज. सही तेवढी बाकी होती. हिवाळ्यात कॉर्नीने एकदा कपाच्या शेजारी चहा ओतला, त्याच आठवड्यात तिने तो आणला. “बाबा, तुला नीट दिसत नाही का रे?” तिने विचारलं. “उद्या बघू,” तो म्हणाला. डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं की “उद्या जाऊ.” सही मागितली की “उद्या करू.” गेल्या रविवारी चर्चबाहेर त्याने एका दगडी खांबाला टोपी काढून “काय फादर, बरे आहात ना?” असं विचारलं, तेव्हा बाकीचे टांगेवाले पोट धरून हसले. गॉबनेटही हसली. थापाड्या माणसाचं हेच वाईट असतं. तो खरोखर ठेचकाळला तरी लोकांना गंमत वाटते.

आज खिंडीच्या माथ्यावर पोचलो की सही घ्यायचीच, असं ठरवून ती निघाली होती. टांगा उलटला, कुणाचं बरंवाईट झालं, तर? पण एक्केचाळीस वर्षं या माणसाने हाच रस्ता चालवला होता. लगाम काढून घेतला तर त्याच्याजवळ राहणार काय? तिने खिशात हात घातला आणि तसाच बाहेर काढला. तिचा बापावर फार जीव होता.

‘काळं तळं’ म्हणतात त्या तळ्याशी टिली आपणहून थांबली. कुठे थांबायचं, कुठे निघायचं, तिला सगळं पाठ होतं.

“इथं काय आहे?” म्हातारीने विचारलं.

“साप,” कॉर्नी म्हणाला. “आयर्लंडमधला शेवटचा. सेंट पॅट्रिकने बाकीचे सगळे हाकलून दिले, हा एकटा हटून बसला. मग पॅट्रिकने एक पेटी आणली. म्हणाला, ‘मावतोस का बघ बरं यात. उद्या सोडतो तुला.’ साप शिरला आत. पॅट्रिकने झाकण लावलं आणि पेटी दिली या तळ्यात ढकलून. अजून तळाशी आहे बिचारा. रोज सकाळी विचारतो, ‘पॅट्रिक, उद्या उजाडला का?’”

“मग पॅट्रिक काय सांगतो?”

“तो काय सांगणार? उद्या कधी उजाडतो का, बाई?”

खाली कुठेतरी पाणी दगडांना हळूहळू चाटत होतं. चुलीत जळणाऱ्या पीटच्या ढेकळांच्या धुराचा वास येत होता, पण घर दिसत नव्हतं. एक मेंढी ओरडली, तीही आभाळातून ओरडल्यासारखी. म्हातारीने डोळे मिटले. “वेंडेल,” ती नवऱ्याला हळूच म्हणाली, “मला दिसतंय रे तळं.”

गॉबनेटनेही डोळे मिटले. तिलाही दिसलं, निळंशार. ती सात वर्षांची होती, बापाच्या मांडीवर होती, लगाम तिच्या हातात होता आणि तिच्या हातांवर त्याचे मोठे हात होते. हे धुकं कधी उठूच नये, असं तिला वाटलं. धुक्यात सगळी माणसं तिच्या बापासारखीच होती.

टिली चालू लागली. थोडं वर गेल्यावर समोरून घुंगरांचा आवाज आला. फ्लॉरी टांगेवाला घोड्याचा लगाम धरून, पायाने रस्ता चाचपत उतरत होता.

“कॉर्नी, वेडबिड लागलंय का तुला? वर कुठं निघालास? फिरव माघारी! या धुक्यात स्वतःचा हात दिसत नाहीये मला!”

कॉर्नीने लगाम ओढला.

“आज धुकं आहे?” त्याने विचारलं.

टांग्यातला म्हातारा इतका हसला की त्याला डोळे पुसावे लागले. “हा काही सुधारायचा नाही,” असं म्हणत फ्लॉरीही हसत हसत खाली उतरून गेला. गॉबनेट वाकून बापाच्या चेहऱ्याकडे बघत होती. तो हसत नव्हता. त्याने हातमोजा काढला, हात डोळ्यांसमोर धरला आणि हळूच इकडून तिकडे हलवला.

“मला वाटलं,” तो फक्त तिला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला, “रोजच्यासारखंच आहे.”

गॉबनेटने पुन्हा खिशात हात घातला. हात कागदावर होता, पण तो बाहेर येईना.

“राहू दे, बाबा,” ती म्हणाली. “आपण उद्या बोलू.”

कॉर्नी आपल्या जागेवरून सरकला. शेजारी तिच्यापुरती जागा केली. मग त्याने लगाम मागे, तिच्यापुढे धरला. तिच्या हातापासून तो वीतभर बाजूलाच होता.

“नको, पोरी,” तो म्हणाला. “उद्या उजाडला.”