चौदाचं वेत

"चौदा," धाकटी दारातूनच म्हणाली. "सगळी जिवंत."

थोरलीने रजिस्टर पुढे ओढलं आणि आकडा लिहिला. बारा वर्षांपूर्वी याच रकान्यात दहाच्या वर काही चढत नव्हतं.

"आणि शेजारच्या कप्प्यातली? तीही आजच व्याली ना?"

"तिची पाच."

"पिल्लांचं दूध सुटलं की विकून टाकू तिला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

धाकटी बूट धुवायला गेली. तिचं नेहमीच असं. दहा शब्द विचारावेत तेव्हा एक मिळे.

डुकरांचा हा गोठा वडिलांनी दोघींसाठी मागे ठेवला होता आणि कामं वाटलेली होती. कुठल्या मादीला कुठला नर, कुठली पोर ठेवायची, कुठली काढायची, हे थोरली ठरवायची. जिला पिल्लं जास्त, तिच्याच मुली पुढच्या पिढीला. नियम साधा, पण हा गुण फार सावकाश उतरतो. पिढीमागे अर्धं पिल्लू वाढलं तरी नशीब समजायचं. थोरलीकडे चिकाटी होती. या कामानेच आपल्याला माणसात आणलं, असं ती म्हणे.

माद्यांची वेतं मात्र धाकटीकडे. तीनदा थोरलीची कूस रिकामी झाली आणि नवऱ्याने तिला माहेरी आणून सोडलं, तेव्हापासून व्यायला आलेल्या मादीजवळ तिच्याच्याने उभं राहवत नसे. ती दुसऱ्या दिवशी जाऊन मोजायची.

धाकटीला एकदा खाद्याच्या गाडीवरच्या ड्रायव्हरने मागणी घातली होती. चांगला माणूस होता, तिने हो म्हणावं म्हणून वर्षभर थांबला. धाकटीने नकार दिला. "हिला उंबरा ओलांडायचीच भीती," थोरली येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. "बसलीय माझ्या जिवावर."

चौदाचं वेत झालं त्याच आठवड्यात मोठ्या पैदास केंद्राचा अधिकारी आला. थोरलीचा वाण त्याला आपल्याकडे न्यायचा होता. त्याने गोठ्यातल्या सगळ्या माद्यांच्या आणि पिल्लांच्या कानाचे बारीक तुकडे डीएनए तपासायला कुप्यांत घेतले. "नुसता रिवाज आहे," तो म्हणाला. "वंश कागदावर यायला हवा." थोरलीने त्याला स्वतः चहा करून दिला. धाकटी कपबशा विसळायलासुद्धा आत आली नाही.

सहा आठवड्यांनी तो भरदुपारी परत आला. या वेळी तो खुर्चीच्या टोकावरच बसला.

"बाई, ही चौदा एका आईची नाहीत. सहाच हिची. आठ शेजारच्या कप्प्यातल्या मादीची."

थोरलीने कागद हातात घेतला नाही.

"म्हणजे त्या दुसरीला तेरा झाली होती," अधिकारी म्हणाला. "ती कुठाय? ती आम्हाला चालेल."

"परवा गाडीत घातली."

त्याने कागद टेबलावर ठेवला. मग, अशी अदलाबदल चुकून होते कधीकधी, असं काहीतरी पुटपुटला आणि बॅग उचलून निघाला. आठ पिल्लं चुकून भिंत ओलांडत नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होतं.

धाकटी पाइपने कप्पा धूत होती. थोरली कठड्यापाशी येऊन उभी राहिली.

"कधीपासून?"

धाकटीने विचारलं नाही, काय कधीपासून. "सुरुवातीपासून."

थोरलीच्या डोळ्यांपुढून एकेक मादी सरकली. पाचवाली, सहावाली, सातवाली. तिने स्वतःच्या हाताने त्यांच्या नावावर रेघ मारली होती. आणि ठेवलेल्यांतली कुठली कुणाची लेक, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. बारा वर्षं पाण्यात.

"काय वाकडं केलं होतं मी तुझं?" तिचा आवाज चिरकला. "कशाचा सूड उगवलास? तुला पोसलं त्याचा?"

धाकटीने नळ बंद केला.

"सुरुवात मी नाही केली. बाबांनी केली."

"मेलेल्या माणसावर खापर फोडू नकोस."

"तू आलीस तेव्हा तीन आठवडे भिंतीकडे तोंड करून पडून होतीस. अन्नाला शिवत नव्हतीस. बाबांनी एक मादी तुझ्या नावाची केली होती, ती व्याली. चार पिल्लं, त्यातली दोन मेलेली. बाबांनी ती दोन गुपचूप पुरली. शेजारची आठ उचलून तिच्या पोटाशी लावली आणि मग तुला हाक मारली. तू उठून आलीस. दहा मोजलीस. आणि जेवायला मागितलंस."

थोरलीने कठडा घट्ट धरला.

"जायच्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं," धाकटी म्हणाली. "म्हणाले, तुला लग्न करायचं तर खुशाल कर पोरी, फक्त थोरलीचा आकडा तुझ्यामागे कोण सांभाळेल, तेवढं आधी बघ."